अंड्याच्या जागी बटाटा

आमच्या आप्पांनी शाळेसाठी जीवनसत्त्वांचा एक मोठा तक्ता रंगवला होता. मागे कापड चिकटवलेलं, वर-खाली लाकडी दांडी, आणि प्रत्येक रकान्यात हाताने काढलेली चित्रं. 'अ'समोर गाजर आणि पपई, 'क'समोर आवळा, 'ड'समोर सूर्य. 'ब'चा रकाना सगळ्यात मोठा, कारण ते जीवनसत्त्व एकटं नसतं, त्याचं एकत्र कुटुंब असतं. तिथे मोड आलेली मटकी होती, शेंगदाणे होते, पालक होता, दुधाचा पेला होता. पाठ्यपुस्तकात त्याच रकान्यात मासा, यकृत आणि अंडंही होतं. आप्पांनी माशाच्या जागी पडवळ काढलं, यकृताच्या जागी वांगं आणि अंड्याच्या जागी बटाटा. आकार मात्र पुस्तकातलेच ठेवले, कारण आप्पा प्रामाणिक माणूस होते.

मी सातवीत त्यांच्याच वर्गात होते. ब जीवनसत्त्व कशातून मिळतं या प्रश्नाला मी 'बटाटा' असं उत्तर लिहिलं आणि मला पूर्ण मार्क मिळाले. पेपर आप्पांनीच तपासला होता.

आप्पांच्या गळ्यात तुळशीची माळ होती. कांदा-लसूण चालायचा, पण अंडं हा शब्दसुद्धा आमच्या घरात उच्चारायचा नाही. नाइलाज झालाच तर 'ते पांढरं' म्हणायचं. आणि दारूचं नाव काढलं की त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. दर शनिवारी शाळा सुटली की ते शाळेमागच्या वस्तीत जाऊन एकेका बापाकडून व्यसन सोडल्याचं प्रतिज्ञापत्र लिहून घ्यायचे. मसुदा त्यांनीच केलेला होता: 'मी आजपासून दारू सोडत आहे, ही माझी मुलाबाळांना साक्ष.' खाली सही, नाहीतर अंगठा. लोक सही करायचे आणि गुरुजी कोपऱ्यावरून वळले की पुन्हा बसायचे. आप्पांना ते माहीत होतं. ते म्हणायचे, माणूस दहा वेळा सही करील, अकराव्या वेळी त्याची त्यालाच लाज वाटेल.

हे सगळं नव्वदच्या दशकातलं, मध्यावरचं. आम्ही नाशकात, इंदिरानगरात दोन खोल्यांत राहायचो, शाळा चालत दहा मिनिटांवर. मी कॉलेजात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि जगातलं सगळं मला कळतं अशी माझी खात्री होती. शाळेतले मोठे गुरुजी दिवाळीला निवृत्त होणार होते आणि त्यांच्या खुर्चीवर आप्पा बसणार हे संस्थेत सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. आईने त्यासाठी नवा कोट शिवायला टाकला होता.

सुरुवात चपलेपासून झाली. एका संध्याकाळी आप्पा एकच चप्पल घालून घरी आले. आई म्हणाली, दुसरी कुठंय? त्यांनी खाली पाहिलं आणि त्यांनाच नवल वाटलं. मला रस्त्यावर पाठवलं. पिठाच्या गिरणीपुढे, भर रस्त्यात, त्यांची चप्पल एखाद्या शहाण्या मुलासारखी वाट बघत पडली होती. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी चिडले. "आप्पा, अहो पायातून चप्पल निघते ते कळत कसं नाही?"

"नाही कळत," ते म्हणाले. "पायाखाली गादी घातल्यासारखं वाटतं. आणि मुंग्या येतात."

"वय झालं," आई म्हणाली. आप्पा तेव्हा त्रेपन्न वर्षांचे होते.

मग प्रार्थनेचं झालं. शाळेच्या मैदानात सिमेंटचा ओटा होता, त्यावर उभं राहून आप्पा प्रार्थना घ्यायचे. हात जोडलेले आणि डोळे घट्ट मिटलेले. डोळे उघडे ठेवून म्हटली तर ती प्रार्थना नव्हे, बाजार, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एका सकाळी डोळे मिटल्यावर ते हळूहळू उजवीकडे कलले. परत सरळ झाले. मग डावीकडे कलले. पुढे उभ्या असलेल्या पहिलीच्या पोरांना वाटलं, हे कवायतीतलं काहीतरी नवीन आहे. तीही उजवीकडे कलली, मग डावीकडे. बघता बघता निम्मी शाळा डोलायला लागली. शेवटच्या ओळीला आप्पा जे पुढे गेले ते कवायतीच्या सरांच्या अंगावर. सर धिप्पाड होते म्हणून निभावलं.

हे मला कसं माहीत? सगळ्या इंदिरानगरला माहीत होतं. फाटकाशी उभ्या असलेल्या पालकांनी पाहिलं होतं ना. गुरुजी सकाळी सकाळीच घेऊन येतात, असं बोललं जाऊ लागलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, असंही. ओले पाषाण म्हणायला हवं होतं, पण म्हणीत बदल करण्याएवढी बुद्धी बोलणाऱ्यांकडे नव्हती.

सगळ्यात कहर केला तो मागच्या वस्तीतल्या पिणाऱ्यांनी. इतकी वर्षं आप्पांना पाहून गल्ली बदलणारी माणसं आता आपुलकीने जवळ यायला लागली. एकजण तर आप्पांचा दंड धरून त्यांना रस्ता ओलांडून द्यायचा. माझ्यादेखत तो म्हणाला, "गुरुजी, तुम्हाला सवय नाय. पोटात काहीतरी टाकून घेत जा आधी." आप्पांना वाटलं, तो त्यांच्या तब्येतीची काळजी करतोय. म्हणाले, "खातो मी, दोन भाकरी खातो." तो समाधानाने मान हलवून गेला. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

तेवढ्यात आप्पांचं तोंड आलं. जीभ लालबुंद, गुळगुळीत, तिखट लागलं की डोळ्यांत पाणी. समोरच्या काकूंकडे यावर उपाय तयार होता. आमच्या गल्लीत एकाला डॉक्टरने दिलेलं औषध सगळ्यांनी संपवायचं अशी पद्धत होती. काकूंच्या सुनेला बी कॉम्प्लेक्सच्या गोळ्या दिल्या होत्या. त्यांतल्या उरलेल्या दहा आमच्याकडे आल्या. आप्पांनी त्या निष्ठेने सुरू केल्या.

पहिल्याच दिवशी आप्पा मोरीतून बाहेर आले ते पडलेल्या चेहऱ्याने. आईला बाजूला घेऊन म्हणाले, "अगं, पिवळंजर्द होतंय."

झालं. आईने त्यांना अंगणात उन्हात उभं केलं, पापणी खाली ओढून पाहिली आणि काकूंना हाक मारली. काकूंनी पाहिलं. काकूंच्या सुनेने पाहिलं. दूधवाला आला होता, त्यानेही किटली खाली ठेवून पाहिलं. डोळे खरोखरच किंचित पिवळट दिसत होते, हे मलाही नाकारता येईना. निकाल एकमताने लागला: कावीळ. आता काविळीला डॉक्टरकडे औषध नसतं, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही माहीत असतं. काविळीची माळ घालायची असते, आणि ती घालणारा म्हातारा होता सायखेड्याला. विज्ञानाचे शिक्षक आणि बीएस्सीची विद्यार्थिनी अशी आमची दोघांची जोडी सकाळच्या एसटीने सायखेड्याला गेली. मी विरोध केला असं मला लिहायला आवडलं असतं. केला नाही.

म्हातारा गोदावरीच्या काठावर वांग्याच्या शेतात राहायचा. त्याने आप्पांचे हात चुन्याच्या पाण्यात बुडवले, वरून कसली तरी भुकटी टाकून चोळले, आणि पाणी पिवळं झालं. "बघा," तो म्हणाला, "लय जुनी हाय. निघायला वेळ लागंल." मग त्याने कसल्याशा मुळीचे बारीक तुकडे दोऱ्यात गाठवून एक इवलीशी माळ केली आणि आप्पांच्या डोक्यावर ठेवली, देवाच्या मूर्तीला टोप घालावा तशी. ही आपोआप वाढते, डोक्यावरून गळ्यात उतरते, गळ्यातून बेंबीला लागते, आणि लागली की कावीळ गेली. पथ्य कडक होतं: दूध बंद, दही बंद, ताक, तूप, तेल, सगळं बंद. उकडलेला भात, भाजलेले चणे आणि उसाचा रस. "आन् त्या गोळ्या फेकून द्या," म्हातारा म्हणाला. "आंगात उष्णता करत्यात."

गोळ्या बंद केल्यावर दुसऱ्याच दिवशी पिवळं व्हायचं थांबलं. म्हाताऱ्याचं नाव आमच्या गल्लीत देवासारखं घेतलं जाऊ लागलं.

आप्पा माळ डोक्यावर ठेवून शाळेत जायचे, वरून पांढरी टोपी. माळेतल्या मुळ्या वाळल्या की गाठी सैल होतात आणि माळ लांबते, एवढं साधं ते गणित, पण तेव्हा कोणाला सुचतं. ती रोज थोडी टोपीखालून बाहेर यायची. आधी कानावर आली, मग एका कानात अडकली. मुलं वर्गात धडा ऐकायच्या ऐवजी माळ कुठवर आली ते बघायची. आणि मोठी माणसं काय म्हणाली असतील? कावीळ कशाने होते? लिव्हर कशाने जातं? आता बोला. ताडाच्या झाडाखाली बसून दूध प्यायलं तरी लोक ताडीच म्हणतात, आणि इथे तर दूधही बंद केलं होतं.

पथ्याने आप्पा आणखी खंगले. जिना उतरताना भिंत धरायला लागले. तोंडावर पाणी मारायला डोळे मिटले की मोरीतच बसकण मारायचे. विसरायला लागले. चिडायला लागले, जे त्यांनी उभ्या जन्मात केलं नव्हतं. एकदा आईवर पेला फेकला. पेला रिकामा होता आणि आईला लागलाही नाही, पण त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, लोक म्हणतात ते खरं असेल तर?

हे आता लिहिताना हात थांबतो. पण लिहिते.

मी त्यांची पिशवी तपासली. खडू, चष्म्याचं घर, चण्यांची पुडी, कोऱ्या प्रतिज्ञापत्रांचा गठ्ठा. बाकी काही नाही. मग एका संध्याकाळी ते शाळेतून आले आणि खुर्चीत टेकले. मी पाणी दिलं आणि पेला परत घेताना गरजेपेक्षा जास्त वाकले. नाक त्यांच्या तोंडाजवळ नेलं. हळूच, त्यांना कळणार नाही असं. पण शिक्षकाला कॉपी कळते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग तोंड उघडून माझ्या चेहऱ्यावर सावकाश, लांब श्वास सोडला. "हा…"

चणे आणि उसाचा रस. दुसरा कसलाच वास नव्हता.

"नीट बघितलंस ना?" ते म्हणाले. "नाहीतर पुन्हा करतो."

मी आत गेले आणि पोळ्या लाटायला घेतल्या. रडले नाही. रडले असते तर ते क्षमा मागितल्यासारखं झालं असतं, आणि माझ्या अंगात तेवढा मोठेपणा नव्हता. नुसती लाज वाटत होती, आणि लाजेचा मला राग येत होता.

गांधी जयंतीला व्यसनमुक्तीची प्रभातफेरी असायची. दरवर्षी पुढे आप्पा. मोठ्या गुरुजींनी सुचवून पाहिलं की यंदा तुम्ही मागून या. आप्पा म्हणाले, मी मागून आलो तर लोक काय समजतील? पहाटेचा अंधार अजून पुरता गेला नव्हता. आप्पा हातात फलक घेऊन निघाले, 'दारू सोडा, संसार जोडा', आणि टोपीखालून माळ लोंबत होती. उजेडात त्यांना पाय दिसायचे, म्हणून कसंबसं जमायचं. अंधारात ते या गटारापासून त्या गटारापर्यंत आडवे चालत होते. मागे दीडशे मुलं, शिस्तीची. गुरुजी जसे चालतील तशी चालणारी. अख्खी फेरी घोषणा देत रस्त्यावर झोकांड्या खात निघाली होती. लोक दारात येऊन बघत राहिले. वस्तीच्या तोंडाशी आप्पा फलकासकट नालीत गेले. नालीतून फक्त फलक वर दिसत होता, अक्षरं सरळ. त्यांनी तो खाली पडू दिला नव्हता.

त्यांना बाहेर काढलं ते त्याच रस्ता ओलांडून देणाऱ्या माणसाने. तो पूर्ण शुद्धीत होता.

चार दिवसांनी संस्थेचे अध्यक्ष घरी आले. भला माणूस, आवाजही चढवला नाही. चहा घेतला, आप्पांच्या तब्येतीचं विचारलं, आणि खिशातून एक कागद काढून टेबलावर ठेवला. आप्पांनीच मसुदा केलेलं प्रतिज्ञापत्र. मी आजपासून दारू सोडत आहे, वगैरे.

"सही करा," अध्यक्ष म्हणाले. "विषय संपला. दिवाळीनंतर खुर्ची तुमचीच."

"मी पीतच नाही, तर सोडू काय?" आप्पा म्हणाले.

"तेच तर लिहून द्यायचंय. सोडली."

"सोडली म्हणजे आधी धरली होती."

अध्यक्षांनी डोकं खाजवलं. "गुरुजी, तुम्ही इतक्या लोकांकडून सह्या घेतल्या. त्यातले सगळे काय पीत होते?"

"हो."

"बरं," ते म्हणाले. "दिवाळीपर्यंत विचार करा." आणि कागद ठेवून गेले.

आईने तो घड्याळामागे खोचून ठेवला. ती म्हणत होती, करून टाका सही, कागदाने काय होतं. आप्पा म्हणत होते, कागदानेच होतं, म्हणून तर मी आयुष्यभर तो लिहून घेत फिरलो. सही केली तर खुर्ची मिळेल आणि जन्मभर लोक म्हणतील, गुरुजी पीत होते, पण सोडली हो. नाही केली तर खुर्चीही नाही आणि तरीही लोक तेच म्हणतील. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, पीत नाही असं डॉक्टरकडूनच लिहून आणू. एवढं साधं कुणाला सुचलं नव्हतं, कारण कावीळ होती आणि काविळीला डॉक्टर नसतो.

माझ्या एका मैत्रिणीचे वडील फौजेत होते. ती म्हणाली, देवळाली कॅम्पात एक निवृत्त फौजी डॉक्टर आहे, तो कोणाच्या बापाला भीत नाही. आम्ही बसने गेलो. दवाखान्यात रांगेत सगळे खोकणारे, त्यात आमचे आप्पा. माळ एव्हाना छातीपर्यंत आली होती.

डॉक्टर उंच, पांढऱ्या मिशांचे, हिंदीत बोलणारे. मी सांगितलं, हे पीत नाहीत असा दाखला हवाय. ते म्हणाले, "बेटी, पंचवीस साल मैंने पीनेवालों के सर्टिफिकेट लिखे. न पीनेवाला पहली बार आया है।" मग आप्पांना उभं केलं. पाय जुळवा. ठीक. आता डोळे मिटा.

आप्पांनी डोळे मिटले आणि डॉक्टरांच्या अंगावर पडले. डॉक्टर त्याच तयारीत उभे होते. त्यांनी आप्पांना झेलून पुन्हा सरळ केलं, आणि त्यांचा चेहरा इतका आनंदी झाला की मला रागच आला. मग एक चिमट्यासारखं थरथरणारं यंत्र घोट्याला लावलं. "कुछ महसूस होता है?" आप्पा म्हणाले, काही नाही. गुडघ्याला लावलं. काही नाही. जीभ बघितली. मग खुर्चीत बसून विचारलं, "अंडा खाते हो?"

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं, जणू मी ऐकायला नको होतं. "नहीं."

"मछली, गोश्त?" गळ्यातल्या तुळशीच्या माळेकडे बघून डॉक्टरांनी स्वतःच उत्तर दिलं. "दूध?"

"बंद केलंय. काविळीमुळे."

"किसने कहा पीलिया है?"

मग आम्ही सगळं सांगितलं. गोळ्या, पिवळं, चुन्याचं पाणी, मुळ्यांची माळ. डॉक्टर टेबलावर डोकं टेकवून हसले. बाहेरच्या रांगेतले खोकायचे थांबले. मग त्यांनी डोळे पुसले आणि अर्ध्या हिंदीत, अर्ध्या मराठीत समजावलं. बी कॉम्प्लेक्सची गोळी घेतली की पिवळंच होतं, त्यातल्या दोन नंबरच्या बीचा तो रंग असतो, जास्तीचं शरीर बाहेर टाकतं. डोळ्यातला पिवळटपणा कावीळ नाही, रक्त कच्चं तयार होतंय आणि लवकर मोडतंय म्हणून. आणि पाय? वायरवरचं प्लास्टिक उडालं की जे होतं ते यांच्या नसांचं झालंय. बी बारा नसलं की नसांवरचं वेष्टण जातं. पाय कुठे टेकलाय ही खबर डोक्याला पोचतच नाही. डोळे उघडे असतात तोवर डोळे सांभाळून घेतात. डोळे मिटले, अंधार झाला, की माणूस गेलाच. विसरणं, चिडणं, जीभ गुळगुळीत होणं, सगळं त्यातलंच. ते मिळतं फक्त मांस, मासे, अंडी आणि दुधातून. सगळेच शाकाहारी असे पडत नाहीत, पण यांच्या पोटाला ते नीट घेताही येत नसावं. त्यात दुधातून जे थेंबभर जात होतं त्यावरही म्हाताऱ्याने टाच आणली.

मी बीएस्सीला होते. ब जीवनसत्त्वाचं अख्खं कुटुंब मला तोंडपाठ होतं, एकपासून बारापर्यंत, मध्ये गाळलेल्या आकड्यांसकट. पण माझ्या डोळ्यांपुढे आलं ते आप्पांच्या तक्त्यातलं वांगं.

आप्पांच्याही आलं असावं, कारण ते एकदम म्हणाले, "मी मुलांना बटाटा शिकवला."

डॉक्टरांना काही कळलं नाही. त्यांनी इंजेक्शन काढलं. त्यातलं औषध डाळिंबाच्या रसासारखं लाल होतं. आप्पांनी बाही वर केली, पण मग दंडावर हात ठेवून विचारलं, "हे कशापासून करतात?"

"बॅक्टेरिया से."

आप्पांनी जरा विचार केला. "ते शाकाहारी असतात का?"

डॉक्टर गंभीरपणे म्हणाले, "मास्टरजी, मैंने पूछा नहीं. पर पीते नहीं हैं।" आणि सुई टोचली.

रक्ताचा रिपोर्टही तसाच आला, पेशी गरजेपेक्षा मोठ्या आणि थोड्या. इंजेक्शन आधी एक दिवसाआड, मग आठवड्याला, मग महिन्याला आणि जन्मभर. माळ आई काढू देईना. बेंबीला लागल्याशिवाय काढली तर उलटते म्हणे. शेवटी आप्पांनी खुर्चीत पोक काढून बसून ती बेंबीला लावली आणि काढली.

दाखला घेऊन मी स्वतः अध्यक्षांकडे गेले. त्यांनी दोनदा वाचला. "म्हणजे दारू नाही?"

"नाही."

"मग काय कमी पडलं?"

"अंड्यात असतं ते."

अध्यक्षांनी दाखल्याची घडी घातली. मग आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघ, दारूचं लोक समजून घेतात. अंड्याचं बाहेर नको बोलूस."

नसा सावकाश भरतात. दिवाळी आली तेव्हा आप्पा अजून काठी घेऊन चालत होते, आणि मोठ्या गुरुजींच्या खुर्चीवर कवायतीचे सर बसले. कोट शिवून आला होता. तो कपाटात राहिला. आप्पांना वाईट वाटलं. वाटलं नाही असं ते म्हणाले, पण वाटलं.

संक्रांत झाल्यावर एका सोमवारी त्यांनी प्रार्थना घ्यायची परवानगी मागितली. मी फाटकाशी उभी होते, वस्तीतलीही निम्मी माणसं होती. आप्पांनी काठी ओट्याला टेकवून ठेवली, हात जोडले आणि डोळे मिटले. शाळेतल्या चारशे मुलांनी, शिक्षकांनी, अध्यक्षांनी, कोणीही डोळे मिटले नाहीत. सगळी शाळा टक लावून त्यांच्याकडे बघत प्रार्थना म्हणत होती. डोळे मिटलेले असे एकटे आप्पाच. ते जराही हलले नाहीत. प्रार्थना संपली तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत, आणखी थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग उघडले आणि म्हणाले, "बाजार चाललाय का? पुन्हा म्हणा." पुन्हा म्हटली.

त्या दिवशी त्यांनी वर्गातला तक्ता गुंडाळून घरी आणला आणि घड्याळामागचा कागद काढला. सही न केलेला. त्याच्या कोऱ्या बाजूवर अंड्याचा आकार काढून कात्रीने कापला, कडेला थोडी सावली दिली आणि तक्त्यातल्या बटाट्यावर चिकटवला. मग यकृत. मग मासा. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. त्यांनी स्वतः आयुष्यात अंडं खाल्लं नाही, पण वर्गात दरवर्षी सांगायचे: "हे अंडं आहे. मी आधी बटाटा काढला होता. ते खोटं होतं." दंडात महिन्याला लाल इंजेक्शन घेत राहिले.

मी त्यांच्या तोंडाचा वास घेतला त्या संध्याकाळबद्दल आम्ही कधीच बोललो नाही. मी क्षमा मागितली नाही. दरवेळी वाटायचं, आता फार उशीर झाला, आता बोलले तर त्यांना पुन्हा आठवेल. अशी वर्षं गेली. माझं लग्न झालं, नाशकातच, मुलगा झाला, मी शाळेत विज्ञान शिकवायला लागले. नवं शतक लागून चार-पाच वर्षं झाली असतील. मी माहेरी आले होते. बाहेरून आत येताना आप्पा दारातच म्हणाले, "तुझी एक चप्पल कुठंय?"

मी खाली पाहिलं. उजवा पाय अनवाणी होता. चप्पल फाटकाजवळ पडली होती. मला काहीच कळलं नव्हतं.

आप्पा खुर्चीतून उठले. सावकाश, पण सरळ. माझ्यासमोर येऊन उभे राहिले, नाक माझ्या तोंडाजवळ आणलं आणि म्हणाले, "हा कर."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांच्या मिशा थरथरत होत्या. हसू दाबत होते की दुसरं काही, ते मला कळलं नाही. मी लहान मुलीसारखं तोंड उघडलं आणि श्वास सोडला. त्यांनी डोळे मिटून, अगदी नीट, वास घेतला.

"चहा," ते म्हणाले. "आलं घातलेला."

आणि तेव्हा मी इतक्या वर्षांचं रडले. आप्पांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला रडू दिलं आणि मग म्हणाले, "बस आता. पोट माझ्यावर गेलंय तुझं. उद्या रक्त तपासून घे, मी येतो बरोबर." मग ते फाटकाशी गेले, वाकून माझी चप्पल उचलली आणि आणून माझ्या पायाशी ठेवली.